लवंगेच्या मागे

बिअरच्या कारखान्यात मास्तरांना कुणी नावाने हाक मारत नसे. चव बघायचं काम त्यांच्याकडे, म्हणून ते मास्तर. एरवी शाळेशी त्यांचा संबंध आठवीतच सुटलेला. कारखान्यात आले ते टाक्या धुवायला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवायचे, टाकीच्या तोंडातून आत उतरायचं आणि लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासायच्या. एकदा असेच बाहेर आले आणि म्हणाले, "आत अजून जुन्या बिअरचा वास आहे." मुकादमाने त्यांना वेड्यात काढलं. टाकी घासून, कढत पाण्याने दोनदा विसळून झालेली. पण त्या वेळी चव बघायला जे म्हातारबुवा होते, ते नेमके तिथून चालले होते. त्यांनी टाकीत डोकं घातलं, बराच वेळ तसेच वाकून राहिले आणि मुकादमाला म्हणाले, "याला उद्यापासून माझ्याकडे पाठवा."

तो उद्या एकतीस वर्षं चालला.

या एकतीस वर्षांत मास्तरांनी कच्चा कांदा खाल्ला नाही, सुगंधी साबण लावला नाही आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला घरात टिकू दिलं नाही. बायको म्हणायची, "या माणसाशी संसार म्हणजे पोलिसाशी संसार. शेजारणीकडे अर्धा कप चहा घेतला तरी दारातच विचारतात, आलं जरा जास्त झालं होतं का गं?" कारखान्यातही तेच. मॅनेजरने दाढीचा साबण बदलला, तर तो त्याच्या घरच्यांआधी मास्तरांना कळायचा. पण माणूस नाकासमोर चालणारा. कळलेलं सगळंच बोलून दाखवायचं नसतं, एवढं भान त्यांना होतं. कुणाच्या तोंडाला सकाळीच दारूचा वास आला, तर त्याला बाजूला घेऊन नुसतं म्हणायचे, "आज शिडीवर चढू नकोस."

वर्षभर कारखान्यात पिवळी, साधी बिअर व्हायची. तिला मास्तर 'रोजची' म्हणत. त्यांचा जीव होता हिवाळ्यातल्या काळीवर. वर्षअखेरच्या सुट्ट्यांसाठी ती वर्षातून एकदाच व्हायची, चार टाक्या. सातू कॉफीसारखा काळा होईपर्यंत भाजायचा आणि मसाला कापडी पुरचुंडीत बांधून टाकीत सोडायचा. दालचिनी, जायफळ, संत्र्याची वाळलेली साल, लवंग. मग सहा आठवडे ती थंड, अंधाऱ्या खोलीत मुरत राहायची. ग्लासात ओतली की डांबरासारखी काळी दिसायची, पण खिडकीपाशी धरली की कडेला गडद तांबडी झाक मारायची. वर फेस फिकट तपकिरी. पहिल्या घोटाला भाजल्याचा कडवटपणा, मग जळक्या साखरेचा गोडवा आणि मग एकेक मसाला. "लवंग सगळ्यांत शेवटी आली पाहिजे," मास्तर म्हणायचे, "आणि आली की फार वेळ थांबता कामा नये. लांबच्या पाहुण्यासारखी. भेटली, बरं वाटलं, गेली."

मनी त्यांच्या हाताखाली आली ती बाटल्या धुण्याच्या विभागातून. मनी हे तिचं खरं नाव नव्हे. डबा उघडला की आधी हुंगायची, पाण्याचा ग्लाससुद्धा हुंगून तोंडाला लावायची, म्हणून तिथल्या बायकांनी तिला मांजर ठरवून टाकलं होतं. तीस-बत्तीसची असेल. घरी अंथरुणाला खिळलेले वडील, बाकी कुणी नाही. परत आलेल्या बाटल्यांपैकी एखादीत कुणी कधी रॉकेल भरून ठेवलेलं असायचं. धुतल्यावर डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण मनी ती बाटली चालत्या पट्ट्यावरून बरोबर उचलायची. मास्तरांनी हे तीन दिवस लांबून पाहिलं आणि चौथ्या दिवशी मॅनेजरकडे जाऊन तिला मागून घेतलं.

चव बघायची खोली लहानशी. पांढरी फरशी, लांब टेबल, कोपऱ्यात मोरी आणि एक मोठी खिडकी. तिथे त्यांनी तिला दोन वर्षं शिकवलं.

"वासाला नाव दे," ते म्हणायचे. "नाव दिलं नाहीस तर तो निसटतो."

"मला पुस्तकातली नावं येत नाहीत, मास्तर."

"पुस्तकातली मागितलीत कुणी? तुझी दे."

मग तिने एक वही केली. 'भिजलेला पुठ्ठा.' 'लोखंडी कडी चाटल्यासारखं.' 'खूप दिवस न उघडलेलं कपाट.' वही वाचून मास्तर पोट धरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरपुढे खुशाल तेच शब्द वापरायचे. त्यांनी तिला नियम एकच घालून दिला होता. पहिलं जे वाटलं ते लिहायचं. पहिल्यांदा नाक बोलतं, दुसऱ्यांदा भीती बोलते.

त्या वर्षी काळी टाक्यांत मुरायला पडली आणि चारच दिवसांनी मास्तर तापाने फणफणले. आठ दिवस अंथरुणात होते. नवव्या दिवशी जरा हुशारी वाटली म्हणून स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. गॅसवर दूध होतं. मास्तर पेपर वाचत होते. बायको धावतच खाली आली.

"अहो, बसलाय काय नुसते! जिन्यापर्यंत वास आलाय!"

मास्तरांनी मान वर केली. पातेलं आतून काळंठिक्कर पडलं होतं आणि त्यातून निघणारा धूर त्यांच्या डोक्यावरून खिडकीकडे चालला होता. पातेलं त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं.

बायकोने गॅस बंद केला आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं. ओरडण्यासाठी उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं.

त्या दुपारी मास्तरांनी घरातलं सगळं हुंगून पाहिलं. धुण्याचा साबण, बायकोच्या कपाटातली अत्तराची कुपी, चपलांचं पॉलिश. कांदा चिरला. तो डोळ्यांना झोंबला, पाणी आलं, पण नाकाला काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाला, "तापाने वासाची नस दुखावली आहे. येईल परत. दोन महिने लागतील, कदाचित वर्ष लागेल. कदाचित..." एवढं बोलून तो चष्मा पुसू लागला.

"सांगून टाका कारखान्यात," बायको म्हणाली. "आजारपण आहे, चोरी नाही."

"काय सांगू? मास्तर आता नुसता बाकावर बसेल म्हणून?"

"मनी आहे की."

"ती कच्ची आहे अजून."

हे खरं नव्हतं, आणि ते त्यांना बोलतानाच ठाऊक होतं. मनी वर्षभरापूर्वीच तयार झाली होती. पण ज्या एका गोष्टीसाठी कारखान्यात मान मिळाला, तीच गेली असं चारचौघांत सांगायला त्यांची जीभ रेटेना. आज येईल, उद्या येईल असं म्हणत ते कामावर गेले.

तिथे त्यांनी एक युक्ती काढली. ग्लास पुढे आला की म्हणायचं, "तू आधी सांग." मनी सांगायची, ते मान डोलवायचे. मनीला वाटलं, मास्तर आता आपल्याला पुढे करताहेत. ती पाठ ताठ करून बसू लागली. आवाज मोकळा झाला. मास्तरांना ते दिसत होतं, पण गाडं चाललं होतं.

एकदाच अडलं. रोजच्या बिअरचा एक ग्लास मनीने हुंगला आणि म्हणाली, "साबणासारखं काहीतरी." मास्तरांनी लगेच मान डोलवली आणि अख्खी टाकी थांबवायला सांगितली. मॅनेजर स्वतः आला, दुसऱ्या ग्लासात ओतून पाहिली तर बिअर स्वच्छ. पहिला ग्लासच नीट विसळला नव्हता. मॅनेजर हसत म्हणाला, "काय मास्तर, ग्लासचा साबण तुम्हालाही कळू नये?" तो सहजच बोलला होता. मास्तर मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि पुढच्याच आठवड्यात काळीचा दिवस आला.

सकाळचे दहा वाजले होते. जीभ तेव्हा सगळ्यांत स्वच्छ असते. मनीने चार ग्लास मांडले, एकेका टाकीचा एकेक. तिची ही काळीची पहिलीच खेप. आधीच्या वर्षी नेमकी त्याच आठवड्यात वडिलांपाशी दवाखान्यात होती. मास्तरांनी पहिला ग्लास उचलला, खिडकीपाशी धरला, तांबडी झाक पाहिली, घोट घेतला. जिभेला कडू कळलं, गोड कळलं, बुडबुड्यांची टोचणी कळली, घशाला ऊब कळली. पण ज्याच्यासाठी मसाला घालायचा आणि सहा आठवडे थांबायचं, ते काहीच नव्हतं. सामान हलवलेल्या घरात उभं राहावं तसं त्यांना वाटलं. भिंती त्याच, खिडक्या त्याच, आत मात्र काही नाही.

"तू आधी सांग," ते म्हणाले.

मनीने पहिली टाकी सांगितली, दुसरी सांगितली. बोलताना तिला हसू फुटत होतं. "मास्तर, ही केवढी मोठी आहे हो! वास संपतच नाहीत हिच्यातले." तिसऱ्या ग्लासावर मात्र ती थांबली. पुन्हा हुंगला. पाण्याने चूळ भरली, खिडकीशी जाऊन आली आणि परत हुंगला. मग समोरच्या कागदावर एक शब्द लिहिला.

"तीन नंबरमध्ये काहीतरी आहे. लवंगेच्या मागे."

"काय आहे?"

"दवाखाना. जखमेवरची पट्टी सोडतात ना, तसा वास. लवंग पुढे उभी आहे म्हणून पटकन दिसत नाही."

मास्तरांनी ग्लास घेतला. नाकपुड्या आत खुपसेपर्यंत हुंगला. काही नाही. दुसरा हुंगला, काही नाही. मान डोलवावी तर पुन्हा मॅनेजर येणार, 'किती आहे, दुसऱ्या टाक्यांत आहे का, दाखवा' म्हणणार, आणि या खेपेला तो सहज हसून सोडणार नाही. लवंग तर दरवर्षीच असते. पहिल्यांदा काळी चाखणाऱ्याला ती जरा उग्र लागतेही. मास्तरांनी हा सगळा हिशेब चार-पाच श्वासांत केला.

"लवंगच आहे ती," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी सगळ्यांना अशीच फसवते."

"पण मास्तर, ही लवंगेच्या मागे..."

"एकतीस वर्षं चाखतोय मी."

आवाज जरा चढलाच. मनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ग्लास उचलून तिने पुन्हा एकदा हुंगला, या वेळी बराच वेळ. "असेल," ती म्हणाली. "लवंगच असेल." कागदावरचा 'दवाखाना' हा शब्द तिने खोडला आणि शेजारी 'लवंग' लिहिलं. दोघांच्या सह्या झाल्या. दुपारी बाटल्या भरायला सुरुवात झाली.

तीन नंबरच्या टाकीत कुठल्याशा जंगली किण्वाने, म्हणजे बाहेरून शिरलेल्या यीस्टने, घर केलं होतं. बाटलीत बंद झाल्यावरही ते कामाला लागलेलंच राहिलं. ऐन सुट्ट्यांत, घराघरांत माणसं जमलेली असताना लोकांनी झाकणं उघडली आणि बाटल्या छतापर्यंत फसफसल्या. जी ग्लासात पडली तिला मलमपट्टीचा वास. आधी तक्रारी आल्या, मग खोकी आली, मग ट्रक भरभरून माल परत आला.

मॅनेजरने दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर तो कागद होता. मॅनेजर मास्तरांना म्हणाला, "तुम्ही तापातून उठला होतात, मास्तर. मीच तुम्हाला घरी बसवायला हवं होतं." मग तो मनीकडे वळला. "पण तुला तर कळलं होतं. इथे लिहिलंयस, 'दवाखाना'. मग खोडलंस का?"

मनीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलाच्या कडेकडे पाहत होते. तिथली सनमायका उचकटली होती आणि खालचं लाकूड दिसत होतं. पुढे कितीतरी दिवस मास्तरांना ती कड डोळे मिटले तरी दिसायची.

"मला खात्री नव्हती, साहेब," मनी म्हणाली.

"खात्री नव्हती तर यांना विचारायचं!"

मनी गप्प राहिली. मास्तरही गप्प राहिले. तिला पुन्हा बाटल्या धुण्यावर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली, कपाटाची किल्ली पहारेकऱ्याकडे दिली आणि गेली. मास्तरांना भेटली नाही. वही टेबलाच्या खणातच राहिली.

त्यानंतर परत आलेला माल ओतून देण्याचं काम निघालं. मागच्या आवारात माणसं रांगेत बसून झाकणं काढत आणि बाटल्या गटारात रिकाम्या करत. तीन दिवस ते चाललं. तपकिरी फेस पायरीपर्यंत चढला होता. मास्तर तिथून चालले असता एकाने हाक मारली. त्याने नाका-तोंडाला फडकं बांधलं होतं. सगळ्यांनीच बांधलं होतं.

"मास्तर, कमाल आहे तुमची! आम्हाला इथे मळमळतंय आणि तुम्ही एवढ्या नाजूक नाकाचे, असे मोकळे फिरताय?"

मास्तर जागच्या जागी थबकले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि नाकाला लावला. आवार ओलांडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. पलीकडे भिंतीच्या आड गेल्यावर हात खाली आला. एका उलट्या घातलेल्या खोक्यावर ते बसून राहिले. आजवर ते गप्प राहिले होते, आता सोंगही करू लागले होते.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मनी गेल्याचं तिला माहीत होतं, का गेली ते माहीत नव्हतं. तिने ऐकून घेतलं. त्यांचं ताट वाढून समोर ठेवलं, पण स्वतः बसली नाही.

"तुमच्या नाकाबद्दल मी इतके दिवस तोंड उघडलं नाही," ती म्हणाली, "कारण ते तुमचं दुखणं होतं. हे तिचं आहे. यावर मला गप्प बसायला सांगू नका."

"सांगत नाहीये."

"मग उद्या जा."

दुसऱ्या दिवशी मास्तर मॅनेजरपुढे उभे राहिले. त्याने खुर्ची दिली, तिच्यावर बसले नाहीत. ताप, दूध, 'तू आधी सांग', खोडलेला शब्द, सगळं सांगितलं. मॅनेजर आधी तांबडा झाला, मग त्याचा चेहरा एकदम थकल्यासारखा दिसू लागला.

"निदान त्या दिवशी ऑफिसात तरी बोलायचं होतंत, मास्तर."

"हो."

"आता बोलून काय?"

"तिला पत्र द्या. चूक तिची नव्हती, तिने सांगितलं होतं, मी दाबलं, असं लिहा. आणि तिला माझ्या जागेवर घ्या. माझा राजीनामा घेऊन आलोय."

मॅनेजरने पत्र लिहिलं. तेवढा तो सरळ माणूस होता.

मनी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लाँड्रीत काम करत होती. मास्तर बस बदलून तिथे पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मागच्या दारापाशी दोन पायऱ्या होत्या, तिथे ती डबा घेऊन बसली होती. आतून वाफ येत होती आणि तिच्या कपाळाला केस चिकटले होते. मास्तरांना पाहून ती उठली, खालच्या पायरीवर त्यांच्यासाठी जागा केली.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. बाबा?"

"आहेत तसेच."

मास्तरांनी पत्र दिलं. तिने हात पदराला पुसले, वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुम्हाला वासच येत नव्हता?"

"नव्हता. अजून येत नाही."

"कधीपासून?"

"तापापासून."

मनी मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. "म्हणजे 'तू आधी सांग' म्हणायचात, ते..."

मास्तरांनी मान खाली घातली.

"मी बाबांना रोज सांगायचे हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि तेच त्यांना सोसवेना. "सांगायचे की मास्तर आता आधी मला विचारतात. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे." तिने डबा बाजूला सरकवला. "आणि तीन नंबरमध्ये जे होतं, ते खरंच होतं."

"खरंच होतं. तू बरोबर होतीस."

"मला वाटलं, माझ्याच डोक्यात आहे."

मास्तरांनी पिशवीतून एक बाटली काढली. एक नंबरच्या टाकीची काळी, चांगली निघालेली. "मी मुद्दाम आणलीय," ते म्हणाले. "एकदा चाखून बघ. मला काही नको. तुझं नाक शाबूत आहे एवढं तुला कळू दे."

तिने नको म्हटलं नाही. डब्याचं झाकण पुसून पुढे केलं, कारण ग्लास नव्हता. मास्तरांनी त्यात दोन बोटं काळी ओतली. फेस वर आला, हळूहळू बसला. मनीने झाकण दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि हुंगलं. मग घोट घेतला. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आत कुठेतरी यंत्र फिरत होतं, एक बाई दुसरीला चादरी मोजायला सांगत होती.

"दालचिनी असावी," मनी म्हणाली.

"असावी नको म्हणू. पहिलं वाटलं ते सांग."

तिने पुन्हा हुंगलं. "संत्रं वाटतंय. पण असंही वाटतं की संत्रं असतं हे माहीत आहे म्हणून वाटतंय." तिने झाकण खाली ठेवलं. "मला नाही कळत, मास्तर. त्या दिवसापासून हे असंच आहे. वास येतो, पण तो खरा का माझ्या मनाचा, ते ठरवता येत नाही. घरी दूध नासलंय का, हेसुद्धा शेजारणीला विचारते. तुम्ही सांगा ना. आहे का यात संत्रं?"

मास्तरांनी झाकण उचललं. नाकाशी नेलं. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. कडू, गोड, ऊब.

"मला सांगता येत नाही, पोरी," ते म्हणाले.

दोघं त्या पायऱ्यांवर बसून राहिली, मध्ये ते झाकण. थोड्या वेळाने मनीने उरलेली काळी पायरीशेजारच्या नळाखाली ओतली आणि झाकण विसळून डब्याला लावलं.

"परत ये," मास्तर म्हणाले. "माझी खुर्ची तुझ्या नावाने ठेवलीय. साहेबांनी पत्रात लिहिलंय खाली."

"वाचलं मी." तिने पत्राची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. "पत्र ठेवते. बाबांना वाचून दाखवीन, त्यांना बरं वाटेल. पण तिथे यायला मला नका सांगू. ग्लास उचलला की मला आधी तुमचा आवाज ऐकू येणार. इथे बरं आहे. इथे सगळ्याला साबणाचाच वास."

घंटा झाली. उठताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. मास्तरांना तो झेपला नाही. "अगं, नको, नको," म्हणत ते मागे सरले आणि पायरी चुकून पडता पडता वाचले. मनीनेच त्यांचा दंड धरला.

मास्तरांच्या जागी एक शिकलेला माणूस आला. सोबत यंत्र घेऊन आला, कागदावर रेघा काढणारं. काळी आणखी दोन हिवाळे निघाली आणि मग बंद झाली. लोकांच्या मनातून ती उतरली ती उतरलीच. मास्तर घरीच असायचे. सकाळी बाजार, दुपारी पेपर, संध्याकाळी बायकोबरोबर कोपऱ्यापर्यंत फेरी. वर्ष उलटल्यावर नाकाला थोडं काही कळू लागलं, पण सगळं उलटंपालटं. चहाला रबर जळल्यासारखा वास, फुलांनाही तोच, बायकोच्या केसांनाही तोच. डॉक्टर म्हणाला, हे चांगलं लक्षण आहे. मास्तरांनी हो हो केलं आणि घरी येऊन चहा सोडला.

मनीला त्यांनी दोन पत्रं पाठवली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं आलं तेव्हा पुन्हा थंडी पडू लागली होती. साधं कार्ड होतं, अक्षर घाईचं. बायको भाजी निवडत होती. तिला ऐकू जावं म्हणून मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं.

"बाबा गेल्या महिन्यात गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. लाँड्रीत साबण बदलला आहे. नव्याला खवट वास येतो असं मी मालकांना सांगितलं आहे, बघू काय करतात. काकूंना नमस्कार."

"आणखी काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"एवढंच."

तिने हात पुसले, कार्ड मागून घेतलं आणि उलटून पाहिलं. मागे त्यांचा पत्ता होता, दुसरं काही नव्हतं. तरी ती ते बराच वेळ हातात धरून बसली.